लॅप कोलीनंतरचं दुखणं: टॅप द्यायचा, इएसपी द्यायचा, की पोर्टला लोकल पुरेसं आहे?

गॉलब्लॅडर (पित्ताशय) काढायच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला, म्हणजे लॅप कोलीला, कोणता ब्लॉक (नसांच्या वाटेवर बधिर करणारं औषध देणं) बेस्ट, हा प्रश्न ॲनेस्थेशियाच्या नवीन रेसिडेंटपासून प्रॅक्टिसमधल्या लोकांपर्यंत सगळेच विचारतात. माझं मत सुरुवातीलाच सांगते. आधी पेशंटला नेमकं कुठून दुखणार आहे ते बघायचं, मग त्या दुखण्यातला किती भाग ब्लॉकच्या हातात आहे ते बघायचं, आणि मगच ब्लॉकचं नाव घ्यायचं. हे उलटं केलं की मग सुंदर टॅप (पोटाच्या भिंतीतल्या नसांचा ब्लॉक) देऊनसुद्धा रिकव्हरीत पेशंट खांदा धरून बसलेला असतो आणि आपण ब्लॉक फेल झाला म्हणून मोकळे होतो, खरं तर ब्लॉकने त्याचं काम केलेलं असतं, ते दुखणं त्याच्या हद्दीतलं नव्हतंच.

हे मुख्यतः शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहितेय, पण ज्यांचं किंवा ज्यांच्या घरच्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनाही वाचता येईल असं लिहायचा प्रयत्न आहे. त्यांनी डोसचा भाग सोडून दिला तरी चालेल. शेवटचा भाग मात्र नक्की वाचा.

दुखतं कुठून?

लॅप कोलीनंतर तीन वेगवेगळी दुखणी असतात आणि ती एकाच वेळी असतात, म्हणून पेशंट सगळ्याला मिळून "पोट दुखतंय" म्हणतो.

पहिलं म्हणजे पोटाच्या भिंतीचं, जिथे पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत घालायच्या नळ्या) घातलेत तिथलं. साधारण चार पोर्ट असतात, एक बेंबीजवळ, एक छातीच्या हाडाच्या टोकाखाली एपिगॅस्ट्रियममध्ये आणि दोन उजव्या बरगड्यांच्या कडेखाली. बेंबीचा आणि एपिगॅस्ट्रिकचा बहुतेक वेळा १० मिलिमीटरचा, उजवीकडचे दोन ५ मिलिमीटरचे. जिथून गॉलब्लॅडर बाहेर काढलं ते भोक सगळ्यात जास्त दुखतं, कारण तिथे ताणाताणी झालेली असते आणि कधीकधी भोक थोडं वाढवलेलं असतं, त्यामुळे सर्जनने कुठून काढलं हे विचारून ठेवा. या भिंतीच्या नसा म्हणजे टी६-टी७ पासून खालच्या इंटरकोस्टल नसा (टी म्हणजे कण्याचा छातीचा भाग, आकडा म्हणजे त्यातली कितवी नस). झायफॉइडजवळ टी६-टी७, बेंबीला टी१०. म्हणजे आपल्याला टी६ ते टी१० झाकायचंय. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं यावर चालणार आहे.

दुसरं आतलं, व्हिसरल. गॉलब्लॅडर जिथून सोलून काढलं ती लिव्हरची जागा, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर), सिस्टिक डक्टची जागा. हे दुखणं खोल, बोट ठेवून दाखवता न येणारं, मळमळ सोबत घेऊन येणारं. त्याचे सिग्नल स्प्लॅंकनिक नसांमधून सिलियाक प्लेक्ससमार्गे टी५ ते टी९ च्या आसपास पाठीच्या कण्यात जातात, शिवाय व्हेगस आहेच. पोटाच्या भिंतीत कितीही औषध भरलं तरी या वाटेला हात लागत नाही.

तिसरं खांद्याचं. पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड आणि डायफ्रामवर पडलेला ताण, त्याने फ्रेनिक नर्व्ह चिडते. फ्रेनिक येते मानेतल्या सी३ ते सी५ मधून आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथल्याच, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. टॅप, रेक्टस (पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूजवळचा), इएसपी (पाठीत मणक्याच्या बाजूला दिलेला), यातला कुठलाही नेहमीच्या जागी दिलेला ब्लॉक यावर भरवशाने चालत नाही. इथे सर्जनची मदत लागते, गॅसचं प्रेशर शक्य तितकं कमी ठेवणं आणि शेवटी पोट दाबून, पोर्ट उघडे ठेवून गॅस नीट बाहेर काढणं. त्याच वेळी आपण व्हेंटिलेटरवरून दोनचार मोठे श्वास धरून दिले की डायफ्राम खाली येतो आणि उरलेला गॅस बाहेर ढकलला जातो. याला पैसा लागत नाही, वेळ मिनिटभर, आणि खांद्याच्या दुखण्यावर फायदा खराच होतो. ब्लॉकवर अर्धा तास वाद घालणारे लोक हे एक मिनिट विसरतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिल्या काही तासांत आणि पहिल्या २४ तासांत दुखणं सगळ्यात जास्त असतं, पुढे दोनतीन दिवसांत बरंच उतरतं. खांद्याचं मात्र कधीकधी दुसऱ्या दिवशी वर येतं, हे पेशंटला आधी सांगितलेलं असलं की तो घाबरत नाही.

ब्लॉकच्या आधीचा पाया

पॅरासिटामॉल, एक एनएसएआयडी (आयबुप्रोफेनच्या जातीचं पेनकिलर) किंवा कॉक्स-२ वालं औषध, ऑपरेशनच्या सुरुवातीला डेक्सामेथासोन आणि पोर्टच्या जागी लोकल (तेवढीच जागा बधिर करणारं औषध). हा पाया आहे. प्रॉस्पेक्ट नावाचा जो आंतरराष्ट्रीय गट ऑपरेशननिहाय पेन रिलीफच्या शिफारशी काढतो, त्याच्याही लॅप कोलीच्या शिफारशीत मुख्य भर यावरच आहे, ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची औषधं) फक्त रेस्क्यूसाठी, म्हणजे बाकीचं पुरलं नाही तरच. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला १ ग्रॅम दर ६ तासांनी, वजन ५० किलोच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅम प्रति किलो, लिव्हर बिघडलेलं असेल तर जपून. एनएसएआयडी देताना किडनी, अल्सर, ब्लीडिंग, ॲस्थमा विचारायचंच. डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम आयव्ही इंडक्शननंतर दिलं की उलट्याही कमी होतात आणि दुखणंही थोडं उतरतं, डायबेटिसवाल्याची शुगर मात्र त्या दिवशी बघत राहा.

हे सगळं दिल्यावर साध्या, अर्ध्यापाऊण तासाच्या, गुंतागुंत नसलेल्या लॅप कोलीत बऱ्याच पेशंटना ब्लॉकची गरजच पडत नाही. मी ब्लॉकच्या विरोधात अजिबात नाही, मला तो द्यायला आवडतो, पण पाया न घालता दिलेला ब्लॉक दहाबारा तासांनी उतरला की पेशंट एकदम उघड्यावर येतो.

सुई उचलायच्या आधी हिशोब

ब्लॉक निवडायच्या आधी औषधाचा हिशोब करा, कारण हे सगळे प्लेन ब्लॉक (थरांच्या मधल्या जागेत औषध सोडायचे) व्हॉल्यूमवर चालतात आणि दोन्ही बाजूंना द्यायचे म्हटल्यावर डोस पटकन वर जातो. ब्युपिवॅकेन २ मिलिग्रॅम प्रति किलो, रोपिवॅकेन ३ मिलिग्रॅम प्रति किलो, ही मी पाळते ती कमाल मर्यादा, आणि वजन जास्त असलेल्या पेशंटमध्ये हिशोब आदर्श वजनावर, काट्यावरच्या वजनावर नाही.

६० किलोचा पेशंट घ्या. ब्युपिवॅकेन १२० मिलिग्रॅम. ०.२५ टक्के म्हणजे एका मिलीत अडीच मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ४८ मिली. दोन्ही बाजूंना २०-२० मिली दिलं की १०० मिलिग्रॅम संपले, उरले २० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ८ मिली. आता सर्जनने शेवटी न विचारता पोर्टला ०.५ टक्क्यांचं २० मिली भरलं तर तिथेच आणखी १०० मिलिग्रॅम गेले आणि एकूण २०० झाले. हे खूप सहज होतं, कुणी निष्काळजी असतं म्हणून नाही, तर दोघं वेगवेगळ्या कामात असतात म्हणून. त्यामुळे टाइमआउटच्या वेळीच मोठ्याने ठरवायचं की आज लोकल कोण देणार, किती देणार, आणि ते बोर्डवर लिहायचं.

पेशंट ४५ किलोचा असेल तर ब्युपिवॅकेन ९० मिलिग्रॅमच, म्हणजे ०.२५ टक्क्यांचं ३६ मिली, नेहमीचे २०-२० मिलीसुद्धा जास्त होतात. रोपिवॅकेन १३५ मिलिग्रॅम बसतं, पण ०.३७५ टक्क्यांचं ४० मिली म्हणजे १५० मिलिग्रॅम, तेही वर गेलं. अशा वेळी ०.२ टक्के घ्या, व्हॉल्यूम मिळतो आणि डोस ८० मिलिग्रॅममध्येच राहतो.

बाकी तयारी नेहमीची. कन्सेंटमध्ये ब्लॉकचा वेगळा उल्लेख, मॉनिटर लावलेले, आयव्ही चालू, लिपिड इमल्शन २० टक्के (लोकल रक्तात जास्त झालं तर त्यावरचा उतारा) कुठे ठेवलंय ते माहीत असलेलं, प्रोबला स्टराइल कव्हर, आणि सुई टोचायच्या आधी एक क्षण थांबून बाजू आणि डोस पुन्हा तपासायचा.

पोर्टला लोकल

सगळ्यात साधं, सगळ्यात स्वस्त, अल्ट्रासाउंड नको, वेगळं स्किल नको. नुसत्या कातडीखाली देऊन उपयोग नाही, पेरिटोनियमच्या बाहेरच्या थरापर्यंत आणि शीथपर्यंत पोचलं पाहिजे, सर्जनला कॅमेऱ्यात आतून पेरिटोनियम फुगलेलं दिसलं की योग्य जागी गेलं समजायचं. तोटा एवढाच की काही तासांतच उतरतं. काही सर्जन लिव्हरच्या जागेवर आणि डायफ्रामखाली लोकल फवारतात, त्याने व्हिसरल आणि खांद्याच्या दुखण्यावर थोडा फायदा मिळतो, पण त्याचाही डोस आपल्या एकूण हिशोबात धरायचा.

सबकोस्टल टॅप

टॅप म्हणजे ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस प्लेन, पोटाच्या भिंतीतल्या सगळ्यात आतल्या स्नायूवरची जागा. या ब्लॉकचं मूळ वर्णन २००१ चं, लँडमार्कवर, कंबरेच्या बाजूच्या पेटिटच्या त्रिकोणातून. नंतर अल्ट्रासाउंड आला आणि २००८ च्या सुमारास सबकोस्टल प्रकार वेगळा सांगितला गेला. हा फरक लॅप कोलीत सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाजूने, कंबरेवर दिलेला लॅटरल टॅप साधारण टी१० ते टी१२ झाकतो, म्हणजे हर्निया, सिझेरियन अशा खालच्या पोटाच्या कामाचा. आपल्याला हवंय टी६ ते टी१०. लॅटरल टॅप देऊन "लॅप कोलीत टॅप चालत नाही" म्हणणं हा ब्लॉकवर अन्याय आहे. इथे टॅप म्हणजे सबकोस्टल टॅपच.

कसा द्यायचा ते सविस्तर सांगते. पेशंट सरळ पाठीवर, म्हणजे जनरल दिल्यावर काही हलवाहलव न करता होतो, हा याचा मोठा फायदा. लिनियर प्रोब झायफॉइडजवळ, बरगडीच्या कडेला समांतर तिरका ठेवा. वर रेक्टस दिसतो, त्याच्या खाली चमकदार रेघ म्हणजे पोस्टिरियर शीथ, आणि तिच्या खाली काळपट पट्टा म्हणजे ट्रान्सव्हर्सस. या भागात ट्रान्सव्हर्सस रेक्टसच्या खाली शिरलेला असतो हे नवीन माणसाला माहीत नसतं आणि तो तिथे तीन स्नायू शोधत बसतो. तीन स्नायू बाजूला सरकल्यावर दिसतात. प्रोब कडेने हळूहळू बाहेर सरकवा, सगळी ओळख पटवून घ्या, कलर डॉपलर लावून एपिगॅस्ट्रिक आर्टरी कुठे आहे ते बघा, आणि मग सुई इन-प्लेन, मधून बाहेरच्या दिशेने घाला. सुईचं टोक दिसत नसेल तर पुढे ढकलायचं नाही, हा नियम उजवीकडे दुप्पट पाळायचा कारण खाली लिव्हर आहे आणि टॅपच्या वेळी लिव्हरला सुई लागल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

रेक्टस आणि ट्रान्सव्हर्ससच्या मधल्या प्लेनमध्ये टोक आलं की १-२ मिली सलाइन टाका. चिकटलेली पानं सुटावीत तसे दोन थर वेगळे होताना दिसले तर बरोबर. स्नायूच फुगायला लागला तर टोक थोडं मागेपुढे करा. मग ॲस्पिरेट करून ५-५ मिलीच्या हप्त्यात औषध, आणि प्लेन उघडत जाईल तशी सुई कडेने पुढे सरकवत राहा, एका बाजूला १५ ते २० मिली.

एकाच बाजूला की दोन्ही? उजवीकडचे दोन पोर्ट उजव्या ब्लॉकने झाकले जातील, पण बेंबी आणि एपिगॅस्ट्रिक हे मधले असतात, तिथे दोन्ही बाजूंच्या नसा येतात. म्हणून दोन्ही बाजू. डोसची अडचण असेल तर उजवीकडे सबकोस्टल टॅप आणि डावीकडे थोड्या औषधात रेक्टस शीथ, हा मला आवडणारा मार्ग.

याची एक खरी मर्यादा आहे. नसांच्या बाजूच्या फांद्या, लॅटरल क्युटेनियस ब्रँचेस, या मुख्य नसेपासून बऱ्याच बाहेर, बगलेच्या रेषेजवळच फुटतात, आणि सबकोस्टल टॅपचं औषध त्या भागापर्यंत भरवशाने जात नाही. म्हणून सगळ्यात बाहेरचा, अँटिरियर ॲक्झिलरी रेषेवरचा ५ मिलिमीटरचा पोर्ट सुटू शकतो. तो एकटा दुखत असेल तर ब्लॉक पूर्ण फेल म्हणू नका, तिथे दोनतीन मिली लोकल टाकलं की काम होतं. आणि व्हिसरलवर टॅपचा परिणाम नाही, हे पुन्हा सांगते.

सर्जन मदतीला तयार असेल तर कॅमेऱ्यात बघत टॅप देता येतो, बाहेरून सुई, आतून पेरिटोनियमवर गुळगुळीत फुगवटा दिसला की जागा बरोबर. मशीन नसेल तिथे हे खूप कामाचं आहे.

रेक्टस शीथ ब्लॉक एकटा लॅप कोलीला अपुरा, फक्त मधले पोर्ट झाकतो. सिंगल पोर्टच्या, बेंबीतून केलेल्या ऑपरेशनला मात्र चांगला बसतो.

इरेक्टर स्पायनी, म्हणजे इएसपी

२०१६ मध्ये छातीच्या न्यूरोपॅथिक दुखण्यासाठी याचं वर्णन आलं आणि पुढच्या काही वर्षांत तो जवळपास सगळ्या ऑपरेशनला वापरला गेला. आकर्षण साहजिक आहे, सुईसमोर हाड असतं, प्लुरा (फुफ्फुसाचं आवरण) लांब, मोठ्या रक्तवाहिन्या जवळ नाहीत. शिवाय औषध पुढे पॅराव्हर्टिब्रल जागेत (मणक्याच्या बाजूला, जिथून नसा निघतात) गेलं तर व्हिसरल दुखण्यालाही हात लागतो, जे टॅपला जमत नाही.

या "गेलं तर" मध्येच सगळं आहे. पाठीकडच्या फांद्यांपर्यंत औषध नक्की जातं, पुढे पॅराव्हर्टिब्रल आणि एपिड्युरलकडे किती जातं हे मृतदेहांवरच्या अभ्यासात एकसारखं आलेलं नाही, आणि जिवंत माणसातही एकाला छान तर दुसऱ्याला जेमतेम असा अनुभव येतो. थंड स्वॅबने तपासलं तर पोटावर बधिरपणा ठिपक्याठिपक्यांनी येतो किंवा येतही नाही, तरी काहींचं दुखणं कमी असतं. म्हणून इएसपीला बधिरपणावरून मार्क देऊ नका, पेशंट खोकताना किती दुखतंय ते विचारा.

देण्याची पद्धत अशी. पेशंट बसलेला किंवा कुशीवर. बसवून देणार असाल तर जनरलच्या आधी, थोडं सेडेशन देऊन, आणि कुणीतरी समोर धरून उभं हवं कारण काहींना बसल्याबसल्या चक्कर येते. लेव्हल टी७-टी८. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण टी७ ला येतं, पण अल्ट्रासाउंडने बरगड्या मोजून खात्री केली तर उत्तम. प्रोब उभा, स्पायनस प्रोसेसपासून अंदाजे ३ सेंटीमीटर बाहेर. सावली टाकणारी चौकोनी चमकदार आकृती म्हणजे ट्रान्सव्हर्स प्रोसेस. गोलसर आणि मध्ये चमकणारी, सरकणारी प्लुरा दिसत असेल तर तुम्ही बरगडीवर आहात, थोडं मधे या. सुई इन-प्लेन वरून खाली, ट्रान्सव्हर्स प्रोसेसला अलगद टेकवा, सलाइनने स्नायू हाडावरून सरळ रेषेत उचलला गेला पाहिजे. उचलला नाही आणि स्नायूतच ढग झाला तर अजून वर आहात. मग एका बाजूला २० मिली, हप्त्यांनी, मध्येमध्ये ॲस्पिरेट करत. मधले पोर्ट आहेत म्हणून हाही दोन्ही बाजूंना.

तोटा म्हणजे पोझिशन. जनरल दिल्यावर कुशीवर वळवून, दुसऱ्या कुशीवर वळवून द्यायचा तर माणसं लागतात, वेळ लागतो, ट्यूब सांभाळावी लागते. लिस्ट मोठी असेल त्या दिवशी हा मुद्दा छोटा नाही.

बाकीचे, थोडक्यात

क्वाड्रेटस लंबोरम पोटाला चांगला पोचतो, पण खोल ब्लॉक आहे, आणि काही प्रकारांत औषध लंबर प्लेक्ससकडे उतरून मांडीत कमजोरी येते. डे-केअरला घरी जाणाऱ्या पेशंटला पायात कमजोरी म्हणजे पडायचा धोका, म्हणून मी लॅप कोलीत याच्या वाटेला जात नाही.

पॅराव्हर्टिब्रल व्हिसरलसकट सगळ्याला चांगला, पण न्यूमोथोरॅक्सचा धोका आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्याला एपिड्युरलइतकेच कडक नियम लावतात. साध्या लॅप कोलीला एवढी जोखीम मला पटत नाही.

एम-टॅपा आणि एक्स्टर्नल ऑब्लिक इंटरकोस्टल हे दोन त्यामानाने नवीन, २०१९ आणि २०२१ चे. दोन्ही पाठीवर झोपलेल्या पेशंटमध्ये होतात. एक्स्टर्नल ऑब्लिक इंटरकोस्टल सहाव्या बरगडीच्या पातळीवर, एक्स्टर्नल ऑब्लिक आणि इंटरकोस्टल स्नायूंच्या मध्ये देतात. त्याचं मला विशेष आवडतं ते म्हणजे टॅपमध्ये सुटणाऱ्या त्या बाजूच्या फांद्या यात सापडतात, आणि लठ्ठ पेशंटमध्ये पोटाचे थर खोल गेलेले असताना बरगडी त्यामानाने वर आणि स्पष्ट दिसते. एम-टॅपामध्ये दहाव्या बरगडीच्या कूर्चेच्या खालच्या बाजूला औषध देतात, प्रोब कोनात वळवून कूर्चेखाली बघावं लागतं, ते हाताला बसायला वेळ लागतो. व्हिसरलवर हे दोन्हीही चालत नाहीत.

तुलनेचे अभ्यास वाचताना

या विषयावर लहान लहान ट्रायल भरपूर आहेत आणि त्यांना एकत्र करून केलेली विश्लेषणंही आहेत. ढोबळ चित्र असं की कुठलाही ब्लॉक काहीच न दिल्यापेक्षा बरा ठरतो, आणि इएसपी व सबकोस्टल टॅप समोरासमोर आले की बऱ्याच ठिकाणी इएसपी थोडा पुढे दिसतो. पण तो "थोडा" किती ते बघा. दहापैकी पेन स्कोअरमध्ये साधारण एका गुणाचा फरक पडला तर पेशंटला तो जाणवतो असं मानलं जातं. पेपरमध्ये पी व्हॅल्यू झकास असते आणि फरक अर्ध्या गुणाचा असतो, म्हणजे आकड्यात जिंकलं, पलंगावरच्या माणसाला कळलंही नाही.

दुसरं, कंट्रोल ग्रुपला काय दिलं होतं ते पद्धतीच्या भागात जाऊन शोधा. ज्यांना पॅरासिटामॉल, एनएसएआयडी आणि पोर्टला लोकल यातलं काहीच मिळालं नाही त्यांच्यापुढे कुठलाही ब्लॉक हिरो दिसणार. तुमच्या पेशंटला पाया मिळणार असेल तर तेवढा फायदा तुम्हाला दिसणार नाही.

तिसरं, हरलेला टॅप कोणता होता? लॅटरल असेल तर ती तुलनाच चुकीची, टी१० च्या वरचं दुखणं झाकायला त्याला कुणी उभं केलं होतं हा खरा प्रश्न. आणि चौथं, स्कोअर विश्रांतीतला आहे की खोकतानाचा, हलतानाचा? पडून राहिलेल्या पेशंटला तसंही कमी दुखतं. मला उठून बसताना, बाथरूमला जाताना किती दुखलं यात रस आहे, कारण त्यावरच घरी जाणं ठरतं.

मग कुणाला काय

गुंतागुंत नसलेली, ठरवून केलेली लॅप कोली, पेशंट तब्येतीने चांगला: पाया आणि पोर्टला नीट दिलेलं लोकल, ब्लॉक ऐच्छिक.

ज्याला एनएसएआयडी चालत नाही, ज्याला आधीपासून कुठलंतरी जुनाट दुखणं आहे, जो घरीच ओपिऑइड घेतो, ज्याला मागच्या वेळी भयंकर उलट्या झाल्या, ज्याला स्लीप ॲप्निया आहे आणि रात्री ओपिऑइड द्यायची भीती वाटते, अशांना ब्लॉक द्याच. सबकोस्टल टॅप किंवा इएसपी, ज्यात तुमचा हात बसलाय तो. चांगला जमणारा टॅप हा पहिल्यांदा करून बघितलेल्या इएसपीपेक्षा पेशंटच्या जास्त भल्याचा, यात मला शंका नाही. पेशंट लठ्ठ असेल तर पाठीचा थर आणि पोटाचा थर दोन्ही प्रोबने आधी बघा आणि जिथे सुई नीट दिसेल तिथे द्या, बरगडीवरचा पर्याय लक्षात ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं असतील तर दाबता येण्यासारखे वरवरचे ब्लॉक, खोल नकोत.

ॲक्यूट कोलेसिस्टायटिस, सुजलेलं चिकटलेलं गॉलब्लॅडर, लांबलेलं ऑपरेशन, यात व्हिसरल दुखणं जास्त, तिथे मी इएसपीकडे झुकते, पण ओपिऑइड रेस्क्यू लिहून ठेवूनच.

आणि ओपन करावं लागलं तर गोष्टच वेगळी. बरगडीखालचा मोठा तिरका चीर, स्नायू कापलेले, पेशंट श्वास घ्यायला घाबरतो, खोकत नाही, मग छाती भरते. तिथे ब्लॉक ऐच्छिक नाही. थोरॅसिक एपिड्युरल, पॅराव्हर्टिब्रल किंवा सबकोस्टल टॅप, इएसपीचं कॅथेटर, काहीतरी सतत चालणारं हवं, एकदा दिलेलं औषध दुसऱ्या दिवशी उरत नाही. कन्व्हर्जनची शक्यता जास्त वाटत असेल तर कन्सेंट घेतानाच याबद्दल बोलून ठेवा.

दिल्यानंतर

प्लेन ब्लॉकमध्ये औषध सावकाश रक्तात जातं, त्यामुळे टॉक्सिसिटी लगेच न दिसता २०-३० मिनिटांनीही दिसू शकते. किमान अर्धा तास नीट मॉनिटर करा. शुद्धीत असलेला पेशंट जीभ बधिर, तोंडात धातूची चव, कानात आवाज असं सांगेल, पण जनरलखालच्या पेशंटमध्ये थेट ॲरिदमिया किंवा बीपी पडलेलंच दिसेल. संशय आला की औषध थांबवा, मदत बोलवा, ऑक्सिजन, झटके आले तर बेंझोडायझेपिन, आणि २० टक्के लिपिड १.५ मिली प्रति किलो दोनतीन मिनिटांत, मग ०.२५ मिली प्रति किलो प्रति मिनिट. ६० किलोला ९० मिली बोलस आणि मिनिटाला १५ मिली, एकूण कमाल १२ मिली प्रति किलो. ॲड्रेनलिन द्यावं लागलं तर छोट्या डोसमध्ये, १ मायक्रोग्रॅम प्रति किलोच्या आत. प्रोपोफॉलमध्ये लिपिड असतं म्हणून ते लिपिडऐवजी चालेल असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा, चालत नाही.

वॉर्डला हँडओव्हर देताना ब्लॉक कोणता, किती वाजता, किती मिलिग्रॅम हे तर लिहाच, पण रात्री पुन्हा लोकल द्यायचं ठरलं तर कधीपर्यंत नाही हेही लिहा.

आता पेशंट आणि घरच्यांसाठी. ब्लॉक साधारण ८ ते १२ तास चालतो, म्हणजे सकाळी ऑपरेशन झालं तर रात्री, झोपेच्या वेळेला तो उतरतो. संध्याकाळी दुखत नाही म्हणून गोळी टाळू नका. दुखायची वाट न बघता डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला गोळ्या घ्या, झोपायच्या आधीची तर नक्कीच. खांदा दुखला तर तो बहुतेक गॅसचा, उठून हळूहळू चाललं की बरं वाटतं आणि दोनतीन दिवसांत जातो, पण सोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर गॅस समजून घरी बसू नका.

आणि एक गोष्ट रेसिडेंट आणि घरचे दोघांनीही लक्षात ठेवायची. लॅप कोलीचं दुखणं दर दिवसाला कमी होत जायला हवं. ते वाढत असेल, सगळ्या पोटात पसरत असेल, पोट फुगून कडक होत असेल, ताप येतोय, नाडी वेगात आहे, डोळे पिवळे दिसतायत, तर ब्लॉक उतरला असेल म्हणत आणखी पेनकिलर देत बसायचं नाही. पित्त गळत असू शकतं, आत रक्तस्राव असू शकतो. सर्जनला त्याच वेळी फोन करायचा, रात्रीचे कितीही वाजले असले तरी.